जाळीआडच्या मुलींचा मास्तर

व्हेनिस म्हटलं की आपल्याला पाण्यातले रस्ते आणि सिनेमातल्या होड्या आठवतात. मला मात्र आठवते तिथली एक भिंत. पिएता नावाच्या अनाथालयाच्या भिंतीला छोटीशी खिडकी होती. नको असलेलं तान्हं बाळ तिथं ठेवायचं आणि मागं न बघता निघून जायचं. मी जिथं काम करते त्या संस्थेच्या दाराशीही असा एक पाळणा आहे. म्हणून असेल कदाचित, अंतोनिओ विवाल्दी या संगीतकाराची गोष्ट मला अगदी आपल्या घरातली वाटते.

विवाल्दीचा जन्म ४ मार्च १६७८ चा, व्हेनिसचाच. वडील आधी न्हाव्याचं काम करायचे, पुढे सान मार्कोच्या मोठ्या चर्चमध्ये व्हायोलिन वाजवू लागले. घरात भावंडं बरीच. थोरला अंतोनिओ वडिलांकडून व्हायोलिन शिकला आणि १७०३ मध्ये पाद्री झाला. केस तांबडे, म्हणून लोक त्याला लाल पाद्रीच म्हणत. छातीचं दुखणं जन्मापासूनचं. धाप लागायची, त्यामुळे चर्चमधली उपासना चालवणं लवकरच सुटलं. व्हायोलिन मात्र सुटलं नाही.

त्याच वर्षी तो पिएतामध्ये व्हायोलिनचा मास्तर म्हणून लागला. तिथली मुलगे मंडळी वयात आली की धंदा शिकून बाहेर पडत. मुली आतच राहत. ज्यांचा गळा नाहीतर हात चांगला, त्यांना संगीत शिकवलं जाई. कार्यक्रमाच्या वेळी त्या उंच सज्जात, जाळीआड बसत. लांबलांबचे पाहुणे ऐकायला येत. सूर खाली पोचायचे, चेहरे नाही.

या मुलींना आडनाव कुठलं असणार? वाद्य हेच आडनाव. त्यातली व्हायोलिनवाली आना मारिआ फार गाजली. अनेक वाद्यं वाजवायची. विवाल्दीनं खास तिच्यासाठी रचना केल्या, आणि तिची वाजवायची वही आजही व्हेनिसच्या संगीत विद्यालयात जपून ठेवली आहे. लग्न करून बाहेर पडणाऱ्या मुलीला मात्र कबूल करावं लागे, की यापुढे लोकांसमोर वाजवणार नाही. संसार की सूर, हा प्रश्न तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या पोरींनाही चुकला नव्हता!

मास्तरची नोकरी तरी कुठे पक्की होती? पिएताचे कारभारी मतदान करून त्याला ठेवायचं की नाही ते ठरवत. १७०९ मध्ये त्याला काढलं, १७११ मध्ये परत बोलावलं. त्याच साली त्याच्या बारा रचना ॲमस्टरडॅमला छापल्या गेल्या आणि युरोपभर पसरल्या. जर्मनीत योहान सेबास्टियन बाखच्या हाती त्यातल्या काही लागल्या. चार व्हायोलिनसाठी लिहिलेली एक रचना बाखनं चार हार्प्सिकॉर्डसाठी नव्यानं मांडली. म्हणजे विवाल्दीला दुसऱ्या अंगानं वाजवून बघण्याची सुरुवात त्याच्या हयातीतच झाली होती. १७२५ मध्ये त्याच्या चार ऋतूंवरच्या रचना छापून आल्या. पाखरं, वादळ, भुंकणारं कुत्रं, बर्फावर घसरणारे पाय, सगळं त्यात सुरांमधून!

पण वारं फिरलं. व्हेनिसला नवं संगीत आवडू लागलं. १७४० मध्ये तो व्हिएन्नाला गेला. तिथला सम्राट त्याचा चाहता होता, तोच त्या ऑक्टोबरात वारला. २८ जुलै १७४१ रोजी विवाल्दीही गरिबीत गेला. अंत्यविधी साधाच झाला. मग जवळजवळ दोनशे वर्षं जग त्याला विसरलं.

१९२६ मध्ये उत्तर इटलीतल्या एका ख्रिस्ती शाळेला पैशांची गरज पडली. त्यांनी जुन्या पोथ्या विकायला काढल्या, आणि त्यात विवाल्दीच्या हस्तलिखितांचे गठ्ठे निघाले! तुरिनचे संगीताचे प्राध्यापक अल्बेर्तो जेंतिली यांनी ते ओळखले, पण विकत घ्यायला पैसा कुठला? रोबेर्तो फोआ या धनिकानं आपल्या दिवंगत बाळाच्या, माउरोच्या नावानं ते विकत घेऊन तुरिनच्या ग्रंथालयाला दिले. उरलेला अर्धा भाग १९३० मध्ये फिलिप्पो जोर्दानो या उद्योजकानं घेऊन दिला. त्याचाही लहानगा रेन्झो गेलेला. सोडून दिलेल्या मुलींसाठी लिहिलेलं संगीत, मुलं गमावलेल्या दोन बापांनी वाचवलं. हे वाचताना माझे डोळे भरून आले.

पुढे ज्यानं त्यानं ते आपल्या परीनं वाजवलं. नायजेल केनेडी या इंग्रज वादकानं १९८९ मध्ये ऋतू इतक्या बेधडक वाजवले, की त्या ध्वनिमुद्रणाच्या वीस लाखांवर प्रती खपल्या. काहींनी उलट वाट धरली. त्यांनी व्हायोलिनला जुन्या काळासारख्या आतड्याच्या तारा लावल्या. अर्जेंटिनाच्या पियाझोल्लानं टँगोच्या ठेक्यात आपल्या शहराचे चार ऋतू लिहिले होते. लिओनिद देस्यात्निकोव्ह यानं त्यांची नवी मांडणी करताना त्यात विवाल्दीचे तुकडे गुंफले. तिकडे ऋतू उलटे, म्हणून पियाझोल्लाच्या उन्हाळ्यात विवाल्दीचा हिवाळा! २०१२ मध्ये माक्स रिष्टर यानं मूळ रचनेचा पाऊण हिस्सा बाजूला ठेवला आणि उरलेल्यातून नवंच काही उभं केलं.

हे चालतं का, असं कुणी विचारेल. आपल्याकडे एकच बंदिश दोन घराण्यांत किती वेगळी होते! बंदिश तीच, श्वास नवा.

पण मला सगळ्यात भावला तो इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डचा एक वृंद. विवाल्दीचं ग्लोरिया हे भक्तिगीत आज बहुतेक ठिकाणी स्त्री-पुरुष मिळून गातात. या वृंदात सगळे आवाज बायकांचेच. पुरुषांचे मानले जाणारे खालचे सूरसुद्धा त्यांनीच लावले, जसे पिएतामधल्या मुली लावत असतील. फरक एवढाच, की यांच्यासमोर जाळी नव्हती. त्यांचे चेहरे सगळ्यांना दिसत होते.