बहिष्कृतांचा इतिहासकार

युरोपच्या एकीकरणाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुधा बाजारपेठ आणि युरो चलन यांपुरतेच. पोलंडच्या जनतेला या एकीकरणातून नेमके काय हवे होते, हे समजून घ्यायचे असेल तर ब्रोनिस्वाव गेरेमेक यांचे जीवन पाहावे, असे आम्ही सुचवतो.

त्यांचा जन्म १९३२ साली वॉर्सा येथे ज्यू कुटुंबात झाला. नाझींनी शहरातील ज्यूंना भिंत घालून एका वस्तीत कोंडले. वडिलांचा अंत ऑश्विट्झच्या छळछावणीत झाला. आई आणि मुलगा वस्तीतून निसटले. ज्या पोलिश गृहस्थाने त्यांना लपवले, त्याचेच आडनाव पुढे या मुलाने लावले. जन्मावरून माणसाला माणसातून उठवणे म्हणजे काय, हे त्यांना ग्रंथांतून शिकावे लागले नाही.

पुढे ते इतिहासकार झाले. पण राजे आणि लढाया त्यांनी बाजूला ठेवल्या. मध्ययुगीन पॅरिसमधील भिकारी, भटके, चोर, वेश्या यांचा शोध त्यांनी न्यायालयांच्या जुन्या दप्तरांतून घेतला. ज्या गरिबाला भीक घालून श्रीमंत पुण्य कमवत होते, त्याच गरिबाला पुढे युरोपने गुन्हेगार ठरवून चाबकाचे फटके मारले, सक्तीच्या कामाला जुंपले. हे स्थित्यंतर त्यांनी उलगडून दाखवले. दया म्हणजे न्याय नव्हे, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

तरुणपणी ते कम्युनिस्ट पक्षात होते. १९६८ साली वॉर्सा कराराच्या रणगाड्यांनी चेकोस्लोव्हाकिया चिरडला, तेव्हा त्यांनी पक्ष सोडला. ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्यात संप सुरू झाला. विचारवंतांचे पाठिंब्याचे पत्र घेऊन गेरेमेक आणि माझोविएत्स्की तेथे पोहोचले आणि संपकऱ्यांचे सल्लागार बनले. त्या संपातून उभ्या राहिलेल्या संघटनेचे नावच ‘सॉलिडॅरिटी’, म्हणजे ऐक्यभाव. तिची सदस्यसंख्या सुमारे एक कोटीपर्यंत गेली. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा लागू झाला आणि गेरेमेक वर्षभर स्थानबद्ध राहिले. १९८९ च्या गोलमेज वाटाघाटीत मात्र सत्ताधाऱ्यांना याच माणसासमोर बसावे लागले.

एक गोष्ट आम्हाला खटकते. त्यानंतर आलेल्या कठोर आर्थिक सुधारणांना त्यांनी साथ दिली. ज्या कारखान्यातून चळवळ उभी राहिली, तो १९९६ साली दिवाळखोर ठरला. त्या कामगारांच्या पदरात ऐक्यभावाचे काय पडले?

१९९७ ते २००० या काळात ते परराष्ट्रमंत्री होते आणि १९९८ साली युरोपीय संघाशी प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू झाल्या. जर्मन लोक येऊन जमिनी विकत घेतील, अशी धास्ती खेड्यापाड्यांत होती. तरीही जून २००३ च्या सार्वमतात ७७ टक्क्यांहून अधिक मतदारांनी होकार दिला. १ मे २००४ रोजी पोलंड संघात सामील झाला आणि त्याच वर्षी गेरेमेक युरोपीय संसदेवर निवडून गेले.

युरोपची समान मूल्ये खरी कसोटीला लागली ती २००७ साली, तीही त्यांच्याच देशात. काचिन्स्की बंधूंच्या राजवटीने कायदा केला: प्राध्यापक, पत्रकार, लोकप्रतिनिधी अशा लाखो लोकांनी आपण कम्युनिस्ट गुप्त पोलिसांना मदत केली होती की नाही, हे लिहून द्यावे. नकार देणाऱ्याचे पद जाणार. गेरेमेक यांनी पूर्वी असे निवेदन दिलेले होते. लपवण्यासारखे काही असते तर ते तेव्हाच दिले नसते. पण नागरिकाने सरकारपुढे वारंवार आपली निष्ठा सिद्ध करत राहावे, हेच त्यांना अमान्य होते. पंचाहत्तरीतल्या या माणसाने सही करण्यास नकार दिला. सरकारने त्यांची खासदारकी काढून घेण्याची तयारी केली, तेव्हा युरोपीय संसदेतील नेते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ११ मे २००७ रोजी पोलंडच्याच घटनात्मक न्यायाधिकरणाने कायद्यातील महत्त्वाची कलमे रद्द केली.

१३ जुलै २००८ रोजी मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला, तेव्हाही ते खासदारच होते.