रॉबर्ट फेअर्ली : दोन तोंडांच्या इंजिनाचा जनक

डोंगरातल्या रेल्वेची अडचण साधी आहे. चढ चढायला ताकद हवी, म्हणजे इंजिन लांब आणि जड हवं. पण लांब, ताठ इंजिन तीव्र वळणावर वळत नाही. यावर उपाय म्हणून इंजिनाची चाकं वेगवेगळ्या वळणाऱ्या गाड्यांवर, म्हणजे बोगींवर बसवायची कल्पना आली. ती यशस्वी करून दाखवणाऱ्या सुरुवातीच्या इंजिनिअर्सपैकी एक म्हणजे रॉबर्ट फ्रान्सिस फेअर्ली.

त्यांचा जन्म 1831 चा, ग्लासगोचा. आयर्लंडमधल्या रेल्वेत काम केल्यावर ते काही काळ आपल्याकडे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत होते, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वज कंपनीत. पुढे लंडनमध्ये सल्लागार झाले. 1862 मध्ये इंजिन कारखानदार जॉर्ज इंग्लंड यांच्या मुलीशी त्यांनी पळून जाऊन लग्न केलं. सासऱ्यांनी थेट कोर्टात खेचलं, पण फेअर्ली निर्दोष सुटले.

1864 मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. मधोमध भट्टी, दोन्ही बाजूंना बॉयलर, दोन्ही टोकांना धुराडी आणि खाली दोन बोगी. प्रत्येक बोगीला स्वतःचे सिलिंडर. सगळी चाकं इंजिनाच्याच ताकदीने फिरतात, त्यामुळे पूर्ण वजन पकडीसाठी वापरलं जातं. शिवाय इंजिन उलटं फिरवायची गरजच नाही!

1869 मध्ये सासऱ्यांच्याच कारखान्यातून ‘लिटल वंडर’ बाहेर पडलं, वेल्समधल्या फेस्टिनिऑग रेल्वेसाठी. रुळांची रुंदी फक्त 597 मिमी. फेब्रुवारी 1870 च्या चाचण्या बघायला रशियापर्यंतचे इंजिनिअर्स आले. नंतर रशिया, मेक्सिको, न्यूझीलंडमध्येही ही इंजिनं धावली.

तरीही ही रचना जगभर टिकली नाही. बोगी हलते, बॉयलर हलत नाही. मग मधल्या पाइपाला वाकणारा सांधा लागतो आणि तिथून वाफ गळते. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर मॉड्यूल उत्तम, इंटरफेस कच्चा.

सध्या मी याच इंजिनाचं 1:76 मापाचं विजेवर चालणारं मॉडेल बनवतोय. हिशोबाने रूळ 7.9 मिमी यायला हवेत, पण तयार मिळतात ते 9 मिमीचे, म्हणून तेच वापरायची पद्धत आहे. इथे वाफेचा पाइप नाही, बोगीपर्यंत जाणारी वायर आहे. ती मऊ आणि थोडी सैल ठेवावी लागते, नाहीतर वळणावर तीच बोगीला रुळावरून ढकलते. सांध्याचा प्रश्न लहान झाला, संपला नाही.

फेअर्ली 1885 मध्ये लंडनमध्ये वारले. फेस्टिनिऑगवर त्यांच्या पद्धतीची इंजिनं आजही धावतात. आणि आपल्याकडची मोठी इलेक्ट्रिक इंजिनं बघा : दोन बोगी, सगळी चाकं चालती. फरक इतकाच, की वाकणाऱ्या पाइपाच्या जागी लवचीक केबल आली. केबलमधून वाफ गळत नाही. फेअर्लींची कल्पना बरोबरच होती, तिला वीज मिळायला उशीर झाला.