रे. टिळक व लक्ष्मीबाई

नारायण वामन टिळक यांचा जन्म कोंकणांतील करजगांवीं १८६१ सालीं झाला. १८९३ सालीं राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका गोऱ्या गृहस्थानें त्यांच्या हातीं नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनानें ह्या ब्राह्मण कवीचें मन वेधलें, व १८९५ सालीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

जो प्रसंग टिळकांस नवा जन्म वाटला, तोच पत्नी लक्ष्मीबाईंस सर्वस्वाचा नाश भासला. सोंवळ्याओंवळ्यांत वाढलेल्या दृष्टीस दुसरें काय दिसावें? सुमारें साडेचार वर्षें उभयतां वेगळीं राहिलीं. पुढें एकत्र आल्यावरही बाई कांहीं काळ आपलें सोंवळें पाळीत. १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला.

आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशीं आलों, असें टिळक सांगत. म्हणून मंडळ्यांत विलायती चालींचीं भाषांतरित गीतें चालत असतां त्यांनीं अभंग रचिले, कीर्तनें केलीं. टाळमृदंगावर आपण गातों त्या भजनांत कित्येक त्यांचींच आहेत.

९ मे १९१९ रोजीं मुंबईस ते निवर्तले. त्यांच्या ‘ख्रिस्तायन’ काव्याचे तेव्हां दहाअकराच अध्याय झाले होते; पुढील ६४ लक्ष्मीबाईंनीं लिहिले.