काचेच्या नळीत पेशी वाढवणाऱ्या कमलताई

सीताफळाचे दिवस आले की बालाघाटाच्या डोंगरातला माल आपल्या बाजारात येतो आणि मला हमखास डॉ. कमल रणदिवे आठवतात. कर्करोगाच्या पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र मुंबईत रुजवणाऱ्या कमलताईंनी एम.एस्सी.ला अभ्यास केला होता तो सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींचा.

त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात, समर्थांच्या घरी झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. शाळा हुजूरपागा. लेकीने डॉक्टर व्हावे आणि जावईही डॉक्टरच मिळावा, अशी वडिलांची इच्छा होती. तिने निवडले वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र; १९३९ मध्ये लग्न केले ते जयसिंग रणदिवे या गणितज्ञाशी.

संसार मुंबईत थाटला. तिथे टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकरांसारखा गुरू लाभला. १९४९ मध्ये पीएच.डी. झाली आणि खानोलकरांच्याच आग्रहाने कमलताई अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गे यांच्याकडे पेशीसंवर्धन शिकायला गेल्या.

ही प्रयोगशाळा साधी नव्हे. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी १९५१ मध्ये इथेच वाढू लागल्या, त्या आजतागायत वाढत आहेत. त्या बाईला कोणी विचारलेसुद्धा नव्हते, हे डॉक्टर म्हणून आजही बोचते. पुढे त्या पेशींत एचपीव्ही हा विषाणू सापडला. आपल्या जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांच्या ज्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये जगभर गाजले, तो याच विषाणूभोवती फिरतो. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते.

कमलताई परतल्या आणि इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. पेशी वाढवणे म्हणजे तान्ह्या बाळाची निगा राखणे. ठरावीक ऊब हवी, वेळेवर खुराक हवा, आणि जंतूंचा एक शिरकाव झाला तरी महिन्यांची मेहनत वाया. हा खुराक, म्हणजे पोषक द्रव आणि लागणारी रसायने, त्यांनी सहकाऱ्यांना हाताशी धरून इथेच तयार केली. माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण या खटपटीत आहे. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी, संप्रेरकांशी आणि विषाणूंशी असलेला संबंध त्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून तपासला. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही काम केले. १९६६ ते १९७० संस्थेचा कारभार त्यांच्याकडे होता.

काचेवर पसरलेल्या पेशींची एक अडचण आहे. तिथे औषध प्रत्येक पेशीपर्यंत सहज पोहोचते. शरीरातली गाठ मात्र घट्ट गोळा असते; तिच्या गाभ्यात प्राणवायू कमी, औषधही कमी. त्यामुळे प्रयोगशाळेत गुणकारी ठरलेले औषध रुग्णावर फसू शकते. म्हणून आता शास्त्रज्ञ बोटभर चकतीवर केसाएवढे बारीक पाट कोरतात, त्यांत पेशींचे गोळे वाढवतात आणि औषध रक्तासारखे वाहते ठेवतात. कोणत्या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल, हे सुई टोचण्याआधी कळावे, अशी आशा आहे. अजून ते आपल्या वॉर्डापर्यंत आलेले नाही. केमोथेरपीसाठी खेपा घालणाऱ्या घरांना, निष्फळ गेलेल्या एका औषधाची किंमत किती पडते, हे मी सांगायला नको.

१९७३ मध्ये महिला शास्त्रज्ञांची संघटना स्थापन करण्यात कमलताईंचा पुढाकार होता. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. उतारवयात त्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात जाऊन आदिवासी मुलांच्या पोषणाच्या नोंदी गोळा करू लागल्या. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.