दुखणे एकीकडे, मूळ भलतीकडे

पाठीत उसण भरली, मान अवघडली की आपण दुखते तिथेच चोळत बसतो. दुखणे एकीकडे आणि त्याचे मूळ भलतीकडे असू शकते, हे न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी आयुष्यभर सांगितले.

त्यांचा जन्म १७ डिसेंबर १९०१ चा. वडील डॉक्टर, मुलीनेही तीच वाट धरली. १९२६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवून पुढे त्या तिथेच औषधशास्त्र शिकवू लागल्या. लग्न झाले, दोन मुली झाल्या. काम थांबले नाही.

हृदयाचे आणि फुफ्फुसाचे रुग्ण तपासताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. अनेकांना मूळ आजारापेक्षा खांदा आणि हाताचे दुखणेच अधिक छळत होते. क्ष-किरण चित्रात काही दिसत नसले की असे दुखणे मनाचे खेळ ठरे. जॅनेटबाईंनी मात्र रुग्णावर विश्वास ठेवला आणि स्नायू बोटांनी चाचपले. ताठरलेल्या स्नायूत एखादी हळवी गाठ लागे. ती दाबताच ओळखीची कळ दूर कुठेतरी उठे. मानेजवळ खांद्यावर दाबावे आणि ठणका कानशिलात! चाप इथे, गोळी तिथे; म्हणून हे ‘ट्रिगर पॉइंट’. त्यावर दाब देणे, भुलीच्या औषधाचे इंजेक्शन किंवा गार फवारा मारून स्नायू ताणणे, असे त्यांचे उपचार.

१९५५ मध्ये सिनेटर जॉन केनेडी त्यांच्याकडे आले. पाठीवर शस्त्रक्रिया होऊनही वेदना सरली नव्हती. बाईंनी इंजेक्शने दिली. शिवाय डावा पाय किंचित आखूड असल्याचे हेरून बुटाची टाच उंच करायला लावली. झुलती खुर्चीही त्यांनीच सुचवली. १९६१ मध्ये केनेडी अध्यक्ष झाले आणि बाई अध्यक्षांच्या पहिल्या महिला डॉक्टर.

पण तिथेच वाद उभा राहिला. इंजेक्शने फार होतात, असे सहकारी डॉक्टरांचे मत पडले आणि त्याच वर्षी पाठीचा उपचार व्यायामतज्ज्ञ डॉ. हान्स क्राउस यांच्याकडे गेला. बाई पदावर राहिल्या, १९६५ पर्यंत.

त्या खचल्या नाहीत. डॉ. डेव्हिड सायमन्स यांच्यासह लिहिलेल्या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९८३ मध्ये आला, दुसरा १९९२ मध्ये, वयाच्या नव्वदीत. १ ऑगस्ट १९९७ रोजी त्या गेल्या.

या गाठी नेमक्या काय आणि प्रत्येक डॉक्टरला त्या सारख्याच सापडतात का, यावर आजही मतभेद आहेत. पण चित्रात दिसत नाही म्हणून दुखणे खोटे ठरत नाही, हा त्यांचा धडा मात्र टिकून आहे.