डॉक्टर रखमाबाई

(द्वितीय वर्ष, कला)

माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा औषधाच्या आधी कोणीतरी आपले ऐकून घ्यावे असे त्याला वाटत असते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडच्या बायकांच्या नशिबी तेवढेही नव्हते. पुरुष डॉक्टरला दुखणे सांगण्याची लाज वाटे, म्हणून ते अंगावर काढायचे. अशा बायकांसाठी डॉ. रखमाबाईंनी आयुष्य वेचले.

रखमाबाईंचा जन्म १८६४ साली मुंबईत, सुतार समाजात झाला. वडील लवकर वारले. आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे दादाजी भिकाजींशी लग्न लागले. पण त्या माहेरीच राहिल्या, शिकल्या. बायकोने नांदायला यावे म्हणून दादाजींनी १८८४ साली दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. पुढे १८८७ साली मात्र, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली! अखेर १८८८ साली दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन प्रकरण मिटवले.

मुंबईच्या कामा हॉस्पिटलातील डॉक्टर एडिथ पीची यांनी त्यांना धीर दिला. १८८९ साली रखमाबाई विलायतेला गेल्या आणि लंडनमधल्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयातून डॉक्टर होऊन परतल्या. आधी सुरतेला व नंतर राजकोटला, स्त्रियांच्या दवाखान्यांत त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे काम केले.

हे वाचताना मला आमच्या आईची आठवण झाली. तिचे पोट वर्षभर दुखत होते. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी दोन्ही खेपेला मान वर न करता चिठ्ठी लिहिली. बायकांचे असे चालायचेच म्हणाले. तिसऱ्या खेपेला आई यायलाच तयार होईना. मग शेजारच्या गावच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी तिला बसवले, कधीपासून दुखते, कुठे दुखते, सगळे विचारले. परतताना एस.टी.त आई दुखण्याबद्दल माझ्याशी प्रथमच मोकळेपणी बोलली.

ज्या बाईच्या संसाराचा निर्णय कोर्टाने तिच्या मनाविरुद्ध दिला, तिला दुसऱ्या बाईचे न बोललेले दुखणे लवकर कळत असेल, असे मला वाटते.

रखमाबाई १९५५ साली नव्वदी ओलांडून वारल्या. माझी धाकटी बहीण यंदा बारावी सायन्सला आहे. ही हकिकत मी तिला सांगितली आहे.