पंडिता रमाबाई : धीर धरणाऱ्या शिक्षिका



मुलांना संयम कसा शिकवावा, हा प्रश्न धर्मशिक्षणाचा वर्ग घेणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. त्याचे उत्तर एखाद्या पुस्तकापेक्षा आपल्याच पुण्यात वर्ग घेतलेल्या एका बाईंच्या आयुष्यात अधिक स्पष्ट दिसते. पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हत्या, अँग्लिकन पंथात त्यांचा बाप्तिस्मा झाला होता. तरीही त्यांच्याकडून आपण पुष्कळ शिकू शकतो.

रमाबाईंचा जन्म 1858 साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताची पर्वा न करता पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या माऊलीने, लक्ष्मीबाईंनी, आपल्या लेकीला. दिवसभर घरकाम, पाहुणे, प्रवास, त्यामुळे धड्याला वेळ उरे तो फक्त पहाटेचा. झोपेने जड झालेल्या पोरीला आई जवळ घेई, गोड बोलून जागे करी आणि मग श्लोक म्हणून घेई. असे वर्षानुवर्षे चालले. पुढे कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवले. त्या पदव्यांचा पाया या पहाटेच्या धड्यांत होता.

1874 च्या सुमारास दुष्काळाने आईवडील नेले. मग भाऊ गेला, 1882 मध्ये पती गेले, पदरी लहानगी मनोरमा राहिली. रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि 1883 मध्ये वैद्यकी शिकायला इंग्लंडला गेल्या. पण त्यांना ऐकू कमी येत होते, म्हणून तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील सिस्टरांच्या मठात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथे सिस्टर जेराल्डिन यांच्याशी धर्मतत्त्वांवरून त्यांचे बरेच वाद झाले. पटल्याशिवाय मान डोलावणे रमाबाईंच्या स्वभावात नव्हते. बाप्तिस्म्यानंतरही ख्रिस्ताची खरी ओळख पटायला आपल्याला आणखी आठ वर्षे लागली, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले. प्रथम कम्युनियनच्या तयारीला आपण मुलांना किती महिने देतो, हे येथे सहज मनात येते.

1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. तेथे त्यांनी जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांची बालवाडीची पद्धत अभ्यासली. ठोकळे, कागदाच्या घड्या, माती, गाणी यांतून मूल शिकते. घडी चुकली तर उलगडून पुन्हा घालायची, छडीचे काम नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी सहनशीलतेला धैर्य या सद्गुणाच्या कुटुंबात बसवले आहे. सेमिनरीत ते वाचताना नवल वाटे. पण संयम म्हणजे हाताची घडी घालून गप्प बसणे नव्हे, जड गेले तरी चांगले काम न सोडणे, हे त्या चुकलेल्या घडीवरून लगेच कळते.

1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणले. तेथे शिकलेल्या तरुण विधवांपैकी गोदूबाई पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झाल्या. धर्म शिकवायचा नाही, असा सदनाचा नियम होता. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपणहून येऊन बसत. यावरून 1893 मध्ये पुण्यात वादळ उठले. रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि पालकांनी पंचवीसएक मुली काढून नेल्या. पालकांची भीती अगदीच अनाठायी होती, असे मला म्हणवत नाही. शिक्षकाच्या श्रद्धेचे वजन कोवळ्या मनावर पडतेच. मात्र रमाबाईंनी ना दार लावले, ना कोणाला हात धरून आत ओढले. उरलेल्या मुलींचे वर्ग चालू राहिले.

मग दुष्काळ पुन्हा आला. 1896-97 मध्ये मध्य प्रांतातून आणि 1900 मध्ये गुजरातेतून त्यांनी शेकडो मुली केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या. भुकेने पिचलेली मुले वर्गात शहाण्यासारखी बसत नाहीत. आधी अन्न, अंघोळ, औषध, मग अक्षर, असाच क्रम ठेवावा लागला. अंध मुलींसाठी बार्तिमी सदन निघाले. मनोरमेने ब्रेल शिकून घेतले आणि त्यांना बोटांनी वाचायला शिकवले. एकेक ठिपका चाचपत अक्षर ओळखायचे, यात घाईला जागाच नाही.

चाळिशी उलटल्यावर रमाबाई स्वतः पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल आणायचे म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतल्या. भाषांतराला अठराएक वर्षे लागली. छापखाना मुक्तीतच होता आणि खिळे जुळवायला तेथल्याच मुली बसत. जुलै 1921 मध्ये मनोरमा वारली. आईने काम थांबवले नाही. मुद्रिते तपासून झाली आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी डोळे मिटले. संपूर्ण बायबल मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले ते 1924 साली.